जिनिंगवरचा काकाकुवा

नाशिकहून दारव्ह्याला कुणी फिरायला जातं का, हा प्रश्न मला निघण्याआधी सगळ्यांनी विचारून घेतला. बहिणीनं, शेजाऱ्यांनी, अगदी स्टेशनवर रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांनीसुद्धा. त्यात माझ्या हातात भलामोठा रिकामा पिंजरा. "आत काय होतं?" त्या गृहस्थांनी विचारलं. "यायचंय अजून," मी म्हटलं. ते दोन पावलं मागे सरकले.

पिंजरा मोगऱ्याचा. मोगरा हा माझा काकाकुवा, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला परदेशी पोपट, मागच्या वर्षी गेला. ज्यांच्या घरी काकाकुवा राहिलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण या पक्ष्याच्या अंगातून पिठासारखी पांढरी भुकटी सतत झडत असते. टीव्हीच्या काचेवर, पुस्तकांवर, डाळीच्या डब्यावर, सगळीकडे. मी वर्षानुवर्षं फडकं घेऊन करवादत त्याच्यामागे फिरले. तो गेला आणि थोड्याच दिवसांत घर लख्ख झालं. ते लख्ख घर मला बघवेना.

अशात कुंदाचा फोन आला. कुंदा म्हणजे माझी कॉलेजच्या वसतिगृहातली मैत्रीण, मूळची वणीची, आता दारव्ह्याची सून. सासऱ्यांचं गावाबाहेर छोटं जिनिंग आहे. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुई करायची गिरणी. तिथं एक पांढरा पोपट आहे हे मला ठाऊक होतं. मशीन बसवायला आलेला एक मुंबईचा माणूस परदेशी जाताना तो सासऱ्यांच्या हवाली करून गेला होता.

"सुमन, थो पोपट सोताची पिसं उपटून राह्यला वं," कुंदा म्हणाली. "छाती पार उघडी पडली. इथं राह्यला तर मरन. तू घेऊन जाय त्याले."

मी लगेच हो म्हटलं. तिच्यावर उपकार म्हणून नाही. मला तो हवा होता.

पहिला दिवस

नाशिकरोडहून रात्रीची गाडी पकडली की पहाटे मूर्तिजापूरला उतरता येतं. तिथून दारव्ह्याला एसटी आहे, जीप आहेत, पण वेळ असेल तर शकुंतलेनंच जा. शकुंतला ही अरुंद रुळांची छोटी गाडी, एके काळी कापूस वाहून न्यायला घातलेली. दिवसातून एकदाच धावते आणि कधीकधी तेही नाही, म्हणून स्टेशनवर चौकशी करूनच सामान खाली ठेवा. तिकीट इतकं स्वस्त की स्टेशनाबाहेर मी त्याहून जास्त पैसे पोह्यांवर खर्च केले. पोह्यांवर लाल तर्री, म्हणजे तिखट रस्सा, ओततात. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, पण दुसरी प्लेट मी मागितलीच.

गाडी चालते म्हणण्यापेक्षा रमते. फाटक आलं की गाडी थांबते, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावतो, गाडी पुढे सरकते, मग तो फाटक उघडून धावत परत चढतो. कुणालाही घाई नव्हती. दोन्ही बाजूंना तूर, हरभरा, आणि मधूनमधून कापूस. काही रानांत बोंडं फुटून लोंबत होती आणि वेचायला कुणी नव्हतं. या जिल्ह्याचं नाव हल्ली वर्तमानपत्रात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी येतं, ते मला माहीत होतं. खिडकीतून मात्र हिरवंगार दिसत होतं आणि वारा छान गार होता, हेही खरंच आहे.

समोरच्या बाकावर एक तांड्यावरच्या बाई बसल्या होत्या, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. त्यांनी पिंजऱ्याकडे बघून विचारलं, "कोंबडे न्यायले आल्या का?"

"पोपट न्यायचाय. पांढरा आहे."

"पांढरा पोपट?" त्यांनी क्षणभर विचार केला. "मंग म्हातारा झाला असन थो."

मला इतकं हसू आलं की पिंजराच मांडीवरून घसरला. मग मी त्यांना समजावलं, की काकाकुवा जन्मभर पांढराच असतो. काही जाती काळ्या, राखाडी, गुलाबी असतात, पण हिरवा किंवा निळा काकाकुवा जगात कुठंच नाही. त्यांच्या पिसांत ती करामतच नसते. बाई ऐकत होत्या, पण पटल्याचं चिन्ह दिसेना. "हिरवा नाई तर पोपट कायचा," त्या म्हणाल्या आणि पदरातली मूठभर बोरं माझ्यापुढे केली.

दारव्ह्याला कुंदा ऑटो घेऊन उभी होती. घरी आधी जेवण. ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि वर कच्चं तेल. सोले म्हणजे हिरव्या शेंगांतले ताजे दाणे. हिवाळ्यात या भागात आलात आणि ही आमटी खाल्ली नाहीत तर परतीचं तिकीट फुकट गेलं समजा. बैठकीत एका कोपऱ्यात छतापर्यंत कापूस रचलेला होता. भाव पडलेला, म्हणून कुणी विकायला काढत नव्हतं. शेजारच्या घरात तर कापूस ठेवायला जागा करायची म्हणून पलंगच बाहेर काढला होता. अंगाला खाज सुटते, पण त्याबद्दल कुणी तक्रार करत नव्हतं. कापूस घरात अडकल्यानं जिनिंग मात्र दिवाळीपासून बंद होतं. कुंदाचा नवरा तात्पुरत्या नोकरीसाठी नागपूरला गेला होता आणि घरात कुंदा, तिचे सासरे आणि पोपट एवढेच राहिले होते.

सासऱ्यांना कुंदा मामाजी म्हणते, म्हणून मीही मामाजीच म्हटलं. उंच, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. त्यांनी माझ्याकडे आणि पिंजऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बरा हाय पिंजरा. आत फिरता येते ना त्याले?"

"येतं मामाजी."

"मंग बरं," म्हणाले आणि उठून गेले.

राजा, म्हणजे तो पोपट, मागच्या खोलीत होता. खिडकीला ओलं पातळ लावलेलं, दार बंद, जमीन पुसलेली. एका दांडीवर तो पाठ करून बसला होता. मोठा पांढरा काकाकुवा, मोगऱ्याच्याच जातीचा. छातीवर कोंबडी सोलल्यासारखी कातडी. तुरा खाली पडलेला. बाकीचे पोपट राग, आनंद, भीती सगळं डोळ्यांतून आणि मानेतून सांगतात. काकाकुव्याला त्यासाठी डोक्यावर वेगळा तुरा दिलेला आहे, त्यामुळे दाराशी उभं राहूनच त्याची तब्येत कळते. या तुऱ्यानं मला सांगितलं की जगण्यात याला काही रस उरलेला नाही. मला गलबलून आलं.

"असा डांबून का ठेवलाय?"

"रुई," कुंदा म्हणाली. "जिनिंगवर राहून राहून रुई भरली त्याच्या आंगात. अजूनही झडते पाह्य. रोज आंघोळ घालतो, फडक्यानं झाडतो, तरी झडते. डॉक्टर इथं गुरांचे. थे म्हणाले, हवेपासून दूर ठेवा."

मला आधी कळलंच नाही. मग मोगऱ्याची भुकटी आठवली, आणि कळलं.

दुसरा दिवस

जिनिंगवाल्यांच्या घरी एक रीत असते. कामावरून निघताना एकमेकांच्या पाठीवरची, डोक्यावरची रुई फडक्यानं झाडायची, मगच फाटकाबाहेर पडायचं. रुई घेऊन घरात पाय टाकायचा नाही. मामाजींच्या फाटकाला त्यासाठी एक लाल फडकं कायम बांधलेलं असे. राजाही रोज त्या फडक्यानं झाडला जाई. पांढऱ्या पक्ष्यातून पांढरं काही उडतंय, तर ते दुसरं काय असणार? माझ्या नाशकात कुणी असं समजलं नसतं. दारव्ह्यात दुसरं काही समजणंच अवघड होतं.

सकाळी चहा झाल्यावर मी माझी काळी शाल ओसरीवर अंथरली. राजाला त्या बंद खोलीतून आणून तिच्यावर बसवलं. तो आधी नुसता बसून राहिला. मग त्यानं अंग फुलवून जोरात झटकलं. शालीवर पांढरं रिंगण उमटलं.

"मामाजी, जिनिंग बंद होऊन किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून बंद हाय."

"आणि रोज आंघोळ. मग ही रुई येते कुठून?"

मामाजी खाली वाकले. त्यांनी त्या रिंगणातली चिमूटभर भुकटी उचलली आणि अंगठा आणि बोटात धरून हळूच ओढली. कापूस घ्यायच्या आधी धागा केवढा आहे हे बघायला व्यापारी ओढतात, तशी. पुन्हा ओढली. मग माझ्याकडे पाहिलं.

"याले धागाच नाई."

"नाहीच. ती रुई नाही. याच्या पिसांत काही पिसं अशी असतात की ती आपोआप भुगा होऊन झडतात. त्यानं त्याचं अंग कोरडं राहतं, पावसात भिजत नाही. आपल्या हिरव्या पोपटाला हे नसतं. काकाकुव्याला असतं, आणि ते झडतंय म्हणजे तो आतून ठीक आहे."

"उभा जनम रुई चिमटीत धरली," मामाजी कुंदाला म्हणाले, "अन् हे येकदाबी धरून नाई पाह्यलं." आणि ते मोठ्यानं हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. कुंदा मात्र डोळे पुसायला लागली, कारण रोजची आंघोळ तीच घालत होती.

त्या दिवशी ओसरीवर माझा तासच भरला. शेजारपाजारचे आले. पांढरा पोपट गावानं पूर्वी पाहिला होता, पण त्याच्याबद्दल विचारायला कुणी भेटलं नव्हतं. राघू बोलतो, हा का बोलत नाही? मी म्हटलं, शब्दांत याची धाव जरा कमीच, एखाददुसरा शिकतो, आवाजांत मात्र उस्ताद. राघूला हात लावला तर चावतो, हा काहून कुशीत शिरते? मी म्हटलं, हाच तर फरक. राघू माणसाबरोबर राहतो, काकाकुवा माणसाला चिकटतो. दिवसभर कुणी जवळ नसलं की तो आपलाच राग आपल्या पिसांवर काढतो. (रानातला आपला हिरवा पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, हेही मी सगळ्यांना बजावलं. परदेशी काकाकुवा पाळता येतो, पण माझं ऐकाल तर हौस म्हणून घेऊ नका. तो तुमच्यापेक्षा जास्त जगू शकतो आणि रोज तुमचा दिवस मागतो.)

मग मी त्याचे डोळे उन्हात नीट पाहिले. लालसर तपकिरी. या जातीत नराचे काळे असतात.

"मामाजी, हा राजा नाही. राणी आहे."

ओसरीवर हशा पिकला. मामाजींनी पक्ष्याकडे खालून वर पाहिलं. "नाव नाई बदलत आता," ते म्हणाले. "इतके दिवस राजा म्हटलं तर तिनं ओ देल्ली. आता राणी म्हटलं तर दुसऱ्याच कोणाले बोलावलं वाटन तिले."

दुपारी खाटेवर बसून त्यांनी मला राजाच्या गोष्टी सांगितल्या. जिनिंग चालू असायचं तेव्हा फाटकाजवळच्या पत्र्याखाली मामाजींची खुर्ची आणि शेजारी राजाची दांडी. मशीनच्या तालावर ती दिवसभर डोलायची. काम सुरू व्हायला आणि सुटायला एकच भोंगा, तो ती असा हुबेहूब काढायची की एकदा मजूर तासभर आधीच हातपाय धुवून निघाले होते. "पगार देल्ला मी त्या दिवशी पुरा," मामाजी म्हणाले. "चूक मजुराची नवती."

"आणि आता?"

"आता ना मशीन, ना भोंगा. मीबी नाई जात तिकडे. एकटा जाऊन काय करू?" ते राजाच्या उघड्या छातीकडे बघत राहिले. "बोंडातून कापूस वेचावा तशी सोताले वेचून राह्यली. तुम्ही घेऊन जा तिले, बाई. तुमच्याकडे बरी राहीन."

मी "हो" म्हटलं. राजा माझ्या मांडीवर आली होती आणि तिनं गालाची पिसं पुढे घेऊन चोच झाकून घेतली होती. काकाकुवा निवांत झाला की असं करतो. मोगराही असंच करायचा. इतक्या महिन्यांनी मांडीवर तेवढंच वजन होतं, आणि मला कुणी कितीही सांगितलं असतं तरी मी ते परत दिलं नसतं.

तिसरा दिवस

सकाळी आलूबोंडा आणि रस्सा खाऊन निघालो. परतीला शकुंतला गैरसोयीची, म्हणून दारव्ह्याहून कारंज्याला जीप आणि तिथून मूर्तिजापूरला एसटी असा बेत ठरवला. जीपमध्ये मागच्या बाकावर बसू नका, दरवाजा हातानं धरून ठेवावा लागतो. पिंजऱ्याचं वेगळं भाडं पडेल का, असं मी विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, "पाखराचं काय भाडं घ्यायचं, बाई?"

मामाजी स्टॅंडवर पोचवायला येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले, कुंदाबरोबर जीपमध्येही बसले, आणि एकच गोष्ट मागितली. "रस्त्यातच हाय जिनिंग. जाता जाता येकदा दाखवू तिले."

ड्रायव्हरनं जिनिंगच्या फाटकापाशी जीप थांबवली. बाकीचे प्रवासी उतरून समोरच्या टपरीवर चहाला गेले. टपरीवर जिनिंगचेच काही जुने मजूर बसलेले होते, काम नसलं तरी सवयीनं तिथंच बसणारे. आत रहीमभाई होते, मामाजींचे जुने फिटर. हातात तेलाचा डबा.

"मशीन को बैठा के रखा तो जंग लगती है," ते मला म्हणाले. "हप्त्यातून एक बार रिकामंच फिरवतो. आज वोच दिन है."

मामाजींनी राजाला पिंजऱ्यातून काढून तिच्या जुन्या दांडीवर बसवलं. ती मान आत घेऊन बसली. रहीमभाईंनी खटका दाबला. आधी पट्टा सरसरला, मग एकच मशीन रिकामं धडधडायला लागलं. खड-खडाक, खड-खडाक. पत्रे थरथरले.

राजानं मान वर काढली. तुरा अर्धा उठला, मग पूर्ण उठला, पंख्यासारखा पसरला. तिनं एक पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला. डोकं वर, खाली, वर, खाली, मशीनच्या बरोब्बर तालात. उघड्या छातीनिशी, अर्धवट पंख पसरून ती नाचत होती. इतर पोपट डोलतात, पण ताल ऐकून त्यावर पाय टाकणारा पक्षी मी तरी काकाकुव्याखेरीज पाहिलेला नाही. आणि मोगऱ्यालासुद्धा मी असं नाचताना कधी पाहिलं नव्हतं, कारण आमच्या घरात मशीन नव्हतं आणि मी दुपारी बाहेर असायचे. हे तेव्हाच लक्षात आलं.

मग तिनं चोच उघडली आणि भोंगा दिला.

मी कानांवर हात ठेवले. तो आवाज फाटकाबाहेर गेला, रस्ता ओलांडून टपरीवर गेला. टपरीवरचे मजूर एकदम उठून उभे राहिले. एकानं डोक्याला दुपट्टा गुंडाळायला घेतला. दोन बायकांनी पदर खोचले. रस्ता ओलांडून ते सगळे फाटकात आले, तेव्हा कुठे त्यांना दांडीवर कोण आहे ते दिसलं.

"राजा!" एक बाई ओरडली. "अवो माय, हे तर राजा व्हय!"

"मालक, भोंगा झाला. काम काय हाय?" दुपट्टेवाला म्हणाला.

"काम नाई रे," मामाजी म्हणाले. त्यांनी टपरीवाल्याला हात केला. "चहा हाय. बसा."

राजा तोपर्यंत त्यांच्या खांद्यावर चढली होती आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बडबडत होती. रहीमभाईंनी मशीन बंद केलं. वीज फुकट कशाला घालवायची. पण ताल थांबला तशी राजा खट्टू झालेली पाहून त्यांनी पाना उचलला आणि तेलाच्या रिकाम्या डब्यावर तोच ठेका धरला. खड-खडाक. राजा खांद्यावरच नाचायला लागली. बायका टाळ्या वाजवू लागल्या. मामाजी हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी पिंजऱ्याचं दार लावून कडी घातली.

"मामाजी, ही माझ्याबरोबर येत नाही."

"तुम्ही इतक्या लांबून आल्या, बाई."

"म्हणूनच सांगते. माझ्याकडे तिला मी एकटीच, आणि मी दिवसभर नोकरीला. इथं तिला सगळं आहे. तुम्ही फक्त रोज सकाळी तिला घेऊन इथं खुर्चीवर येऊन बसायचं. जिनिंग चालू असो नाहीतर बंद. कुरतडायला लाकडाचे तुकडे द्या. आंघोळ तिला वाटेल तेव्हा. आणि रहीमभाई, हा डबा इथंच राहू द्या."

रहीमभाईंनी पाना कपाळाला लावून सलाम केला. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण असं वाईट वाटत असताना इतकं बरंही वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

कुंदानं रिकामा पिंजरा माझ्या हातातून ओढून घेतला. टपरीशेजारच्या गाडीवरून संत्री आणली, पिशवीतल्या तुरीच्या शेंगा त्यावर ओतल्या आणि पिंजरा गच्च भरला. "रिकामा नाई नेऊ देत मी," ती म्हणाली. निघताना फाटकात रहीमभाई ते लाल फडकं घेऊन पुढे आले. माझ्या काळ्या शालीवर खांद्यापासून खालपर्यंत राजाची भुकटी होती.

"झाडून देतो, बाई. अपना कायदा है."

"राहू द्या," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फडकं पुन्हा फाटकाला बांधलं.

घरी

संत्री गाडीतल्या सहप्रवाशांत वाटत आले, तरी पिंजरा अर्धा भरलेला होता. सोल्यांची आमटी करून पाहिली. कुंदाच्या हातची नाही झाली, पण झाली. आठवड्यानं तिचा फोन आला. जिनिंग अजून बंदच आहे, कापूस अजून घरातच आहे. मामाजी मात्र रोज सकाळी राजाला खांद्यावर घेऊन फाटकावर जातात आणि टपरीवरची मंडळी आता पत्र्याखालीच बसतात. छातीवर बारीक कोंभ दिसतायत, असं ती म्हणाली. सगळी पिसं येतील का ते मी सांगू शकत नाही, कधीकधी येत नाहीत. पण भोंगा मात्र रोज संध्याकाळी वेळेवर होतो.

दारव्ह्याला फिरायला कुणी जातं का, असं आता कुणी विचारलं तर मी जा म्हणते. हिवाळ्यात जा. आणि फाटकावर लाल फडकं दिसलं तर आत डोकावा.

मी घरी आले त्या संध्याकाळी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. ती अजून तिथंच आहे. खालच्या फरशीवर पांढरा थर उतरलाय. मी रोज त्याच्या बाजूनं केर काढते.